प्रसूतीची शाळा मुठा खोऱ्यात कधी भरणार?

मुळशी तालुका एकच. पण गरोदरपणाच्या दोन तऱ्हा त्यात शेजारी शेजारी नांदतात. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारे जोडपे सातव्या महिन्यात प्रसूतिपूर्व तयारीच्या क्लासला नाव घालते. शनिवार-रविवारची बॅच, चटई, हवा भरलेला मोठा चेंडू, श्वासाचे व्यायाम, बाहुलीला दुपट्यात गुंडाळण्याचा सराव आणि होणाऱ्या बाबांनाही गृहपाठ. याच तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला, टेमघर धरणाच्या खाली, मुठा गाव आहे. या खोऱ्यातल्या गरोदर बाईसाठीही सरकारी यंत्रणेकडे बरेच काही आहे. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीची चिठ्ठी. पण कळा सुरू झाल्यावर पुढच्या बारा-पंधरा तासांत आपल्या शरीरात काय होणार, दवाखान्यात आपल्याशी कोण काय करणार आणि त्या वेळी जवळ कोण असणार, हे तिला कुणी निवांत बसून सांगेल अशी सोय मात्र या यादीत ठळकपणे कुठेच नाही.

प्रसूतीच्या क्लासकडे आपण श्रीमंतांची हौस म्हणून पाहतो. हौसेचा भाग त्यात आहेच. पण त्याच्या गाभ्याशी असलेली गोष्ट हौसेची नाही, आणि तिची खरी गरज हिंजवडीपेक्षा मुठा खोऱ्याला अधिक आहे.

बाई दवाखान्यात आली, माहिती घरीच राहिली

गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्राने एक मोठे काम केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये राज्यातल्या सुमारे ६५ टक्के प्रसूती दवाखान्यात होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेले. २००५ मध्ये आलेली जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, १०२ आणि १०८ क्रमांकांच्या रुग्णवाहिका आणि गावोगावच्या आशाताई यांचा या बदलात मोठा वाटा आहे. २०१८-२० मध्ये राज्याचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. हे आकडे घरी बसून मिळालेले नाहीत. अतिरक्तस्राव झालेली बाई घरी वाचत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या बदलाची किंमत ठाऊक आहे.

मात्र या बदलात एक गोष्ट हातातून निसटली. बाळंतपण घरात होत असे तेव्हा मुली ते जवळून पाहत, ऐकत. कळा किती वेळ चालतात, बाई केव्हा उठून फिरते, केव्हा तिची पाठ चोळायची, केव्हा जोर करायचा, हे आजी, काकू, सुईण यांच्या वावरातून समजत असे. त्यात चुकीच्या आणि घातक समजुतीही पुष्कळ होत्या. पण बाळंतपण म्हणजे काय, हे घरातल्या बायकांना निदान अनोळखी नव्हते. आज विशीतली मुलगी प्रसूतिकक्षात येते तेव्हा तिने प्रसूती पाहिलेली असते ती बहुधा सिनेमात किंवा मोबाइलवर. शहरातल्या मुलीसाठी ही पोकळी क्लासने भरली. खेड्यातल्या मुलीसाठी ती तशीच राहिली.

या पोकळीचे परिणाम सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला, परिचारिकेला रोज दिसतात. पहिलटकरीण पोटात पहिली कळ आली की घाबरून येते. गर्भाशयाचे तोंड अजून दोन सेंटीमीटरच उघडलेले असते. ती आणि तिचे नातलग रात्रभर ताटकळतात. सकाळी नातलग विचारतात, "अजून कसं होत नाही? पोरीचे हाल बघवत नाहीत, सिझर करून टाका." याच्या उलटही घडते. एखादी बाई पाणी गेल्यावरही "कळा कुठे आहेत अजून" म्हणून दिवसभर घरी थांबते आणि जंतुसंसर्ग घेऊन येते. दोन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे. काय अपेक्षित आहे आणि काय धोक्याचे आहे, हे आधी कुणी सांगितलेले नसते.

क्लासचा जन्म कामगारांच्या दवाखान्यात

प्रसूतीची आधी तयारी करून घ्यावी ही कल्पना इंग्लंडमधले डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३०च्या दशकात जोराने मांडली. भीतीने शरीर आखडते, शरीर आखडले की वेदना वाढते आणि वेदना वाढली की भीती आणखी वाढते, असे हे चक्र त्यांनी सांगितले. पुढे फ्रान्समधले डॉ. फर्नांड लामाझ १९५१ मध्ये सोव्हिएत संघात गेले. तिथे गरोदर स्त्रियांना प्रसूतीची माहिती आणि श्वासाचे तंत्र शिकवले जात होते. ते पाहून त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःची पद्धत सुरू केली. आज 'लामाझ' हे नाव महागड्या क्लासच्या पाटीवर दिसते; पण लामाझ यांचे प्रसूतिगृह धातुकामगारांच्या संघटनेने चालवलेले होते. कारखान्यात राबणाऱ्या कामगारांच्या बायका या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. म्हणजे ही कल्पना मुळात उच्चभ्रूंची नाहीच.

आपल्याकडे, विशेषतः पुणे परिसरात, या क्लासमध्ये 'गर्भसंस्कार' मिसळले. बालाजी तांबे यांच्या 'आयुर्वेदीय गर्भसंस्कार' या पुस्तकाने हा शब्द मध्यमवर्गीय घराघरांत नेला. गरोदर बाईने शांत संगीत ऐकावे, चांगले वाचावे, घरच्यांनी तिचे मन सांभाळावे, यात वाईट काही नाही. पण अमुक मंत्राने, अमुक आहाराने किंवा अमुक विचारांनी बाळ गोरे, हुशार, हवे तसे घडवता येते, या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. शिवाय त्याचा एक उपद्रव आहे. पुढे मुलात काही उणे निघाले तर दोष आईच्या माथी येतो. क्लास निवडणाऱ्या जोडप्याने एक साधी कसोटी लावावी. इथे बाळ 'कसे घडवायचे' यावर किती वेळ जातो आणि प्रसूतीच्या दिवशी काय होईल यावर किती? पहिल्यावरच सगळा वेळ जात असेल तर तो प्रसूतीच्या तयारीचा वर्ग नव्हे.

पुरावा काय सांगतो?

क्लास केला की प्रसूती नॉर्मल होते, अशी जाहिरात सर्रास दिसते. पुरावा तितका उदार नाही. जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००७ मध्ये प्रसूतिपूर्व शिक्षणावरच्या नऊ चाचण्या तपासल्या. त्यांत एकूण २,२८४ स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा, की अशा वर्गांचा नेमका परिणाम काय होतो हे या पुराव्यावरून ठामपणे सांगता येत नाही. वर्ग निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. केवळ वर्गात बसल्याने सिझेरियन टळते असे कुणी छातीठोकपणे सांगू नये, एवढाच.

दुसऱ्या एका गोष्टीचा पुरावा मात्र बराच भक्कम आहे. ती म्हणजे कळांच्या काळात सलग सोबत. कॉक्रेनच्याच २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्यांमधल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती आहे. ज्यांच्याजवळ सतत कुणीतरी आधार देणारे होते, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण जास्त होते, सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी झाला आणि प्रसूतीचा अनुभव वाईट होता असे सांगणाऱ्याही कमी होत्या. यातली एक बारीक बाब फार महत्त्वाची आहे. सिझेरियन कमी होण्याचा फायदा सर्वांत ठळक दिसला तो सोबत करणारी व्यक्ती या कामासाठीच शिकलेली होती तिथे. घरातले माणूस नुसते जवळ उभे राहिले तर बाईला बरे वाटते, समाधान वाढते. पण शस्त्रक्रिया टळण्यावर तितका परिणाम दिसत नाही.

आपल्या धोरणासाठी यातून सरळ धडा निघतो. सोबत हवीच, आणि ती शिकलेली हवी. वर्ग भरवायचा तर तो गरोदर बाईइतकाच तिच्या सोबतिणीसाठी भरवायला हवा.

सोबत कोण? इथे बहुतेकदा आई

शहरी क्लास नवऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो. मुळशीच्या गावांत पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत अजून चालू आहे. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होते आणि लेक माहेरी जाते. नोंदणी, तपासण्या, आशाताईंची ओळख सासरच्या गावी. प्रसूती भलत्याच दवाखान्यात. नवरा पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर. कळांच्या वेळी सोबत येते ती आई, मोठी बहीण किंवा वहिनी.

केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी प्रसूतिकक्षात सोबतिणीला परवानगी देण्याच्या सूचना काढल्या आहेत. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी आहेत. जिथे प्रसूतिकक्षात प्रत्येकीला आडोसा आहे, तिथे नवऱ्यालाही आत घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. म्हणजे कागद तयार आहे. अडते ते दाराशी. एका खोलीत तीन-चार टेबले, मध्ये पडदा नाही, परिचारिका एक किंवा दोन. अशा ठिकाणी नातलग म्हणजे आणखी गर्दी, असे कर्मचाऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण शिकलेली सोबतीण गर्दी करत नाही, ती हात हलका करते. पाणी पाजते, फिरवते, पाठ चोळते, कुशीवर वळवते, बाळ झाल्यावर रक्तस्राव वाढलेला दिसला तर पहिली हाक तीच मारते. आणि जवळ स्वतःचे माणूस असले की बाईवर कुणी सहसा ओरडत नाही, हात उगारत नाही. सरकारी प्रसूतिकक्षाबद्दलची ही जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही.

शहरातला धडा खोऱ्यात जसाच्या तसा चालणार नाही

"कळा दर पाच मिनिटांनी येऊ लागल्या, प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली आणि असे तासभर चालले की निघा." शहरातल्या क्लासमध्ये हे हमखास सांगतात. बाणेर-बावधनला ते ठीक आहे. दवाखाना वीस मिनिटांवर असतो. मुठा खोऱ्यातल्या बाईने हेच ऐकले तर प्रसूती वाटेतही होऊ शकते. गावातून उरवड्यामार्गे पिरंगुट, तिथून पौडचे ग्रामीण रुग्णालय, आणि गुंतागुंत झालीच तर औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून. त्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस, घाटाची वाट, रात्रीची वेळ. वाडीवरून डांबरी सडकेपर्यंत यायचे ते वेगळेच.

म्हणून इथल्या वर्गाचा पहिला धडा श्वासाचा नसून वाटेचा असायला हवा. कुठल्या दवाखान्यात जायचे, १०२ किंवा १०८ ला फोन कोण करणार, फोनला रेंज नसेल तर कुठल्या घरी जायचे, गाडी न आल्यास गावातली कुणाची गाडी, रक्त लागले तर देणारे दोन जण कोण, हे आठव्या महिन्यातच ठरलेले असावे. पावसाळ्यात दिवस भरत असतील तर चार दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे राहायला जाणे शहाणपणाचे. राज्याच्या आदिवासी भागात आरोग्य केंद्राशेजारी 'माहेरघर' ही सोय याच कारणासाठी केली आहे. सह्याद्रीच्या खोऱ्यांतही तिचा विचार व्हायला हरकत नाही.

दुसरा धडा कळांचा. गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ कितीही लांबू शकतो आणि ते बहुधा बिघडल्याचे लक्षण नसते. त्यापुढचा जोराचा काळ पहिलटकरणीत साधारण बारा तासांपर्यंत आणि नंतरच्या खेपेला दहा तासांपर्यंत चालू शकतो. "दर तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे" हा जुना नियम सरसकट लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले. धोका नसलेल्या बाईने या काळात पाणी प्यावे, हलके खावे, चालावे, बसावे, हवे तसे वळावे. सतत उताणे पडून राहण्याची गरज नाही. पोट वरून दाबून बाळ काढणे, सरसकट टाका घेणे, सरसकट एनिमा देणे याची शिफारस आता नाही. हे सोबतिणीला माहीत असेल तर "दाबा की जरा" असे ती स्वतःच म्हणणार नाही.

तिसरा धडा धोक्याच्या खुणांचा. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज, फिट, ताप, बाळाची हालचाल मंदावणे. यातले काहीही दिसले तर कळांची वाट पाहायची नाही.

चौथा धडा पहिल्या तासाचा. बाळ पुसून आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवायचे, नाळ लगेच कापायची घाई करायची नाही, तासाभरात अंगावर पाजायला घ्यायचे. चिकाचे दूध पिळून टाकायचे नाही. मध, गुळाचे पाणी, गुटी काहीही चाटवायचे नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या तीन वर्षांखालच्या मुलांपैकी पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली मुले फक्त ४१.८ टक्के होती. दवाखान्यात जन्मलेल्या बाळांचीही यात मोठी संख्या आहे. हा धडा आजीला आधी द्यावा लागतो, कारण मधाचे बोट बहुधा तिचेच असते.

सिझेरियनबद्दल खरे बोलू या

राज्यातल्या दर चार प्रसूतींपैकी एक सिझेरियनने होते. नेमका आकडा २५.४ टक्के. देशात खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के तर सरकारीत १४.३ टक्के आहे. एवढी तफावत केवळ बायकांच्या शरीररचनेने पडत नाही. पण म्हणून क्लासने बाईच्या मनात डॉक्टरविषयी संशय पेरावा असेही नाही. बाळ आडवे असेल, वार खाली असेल, बाळाचे ठोके बिघडत असतील तर सिझेरियनच जीव वाचवते, आणि तिथे 'नॉर्मलच हवे' हा हट्ट घात करतो. तयारीच्या वर्गाने तीन प्रश्न शिकवावेत. शस्त्रक्रिया कशासाठी? किती तातडीची आहे? थांबलो तर काय होईल? डॉक्टरांनी या प्रश्नांचे शांतपणे उत्तर देणे हे त्यांचे काम आहे. आणि सिझेरियन झालेली बाई नापास झालेली नसते, हेही त्याच वर्गात सांगितले पाहिजे.

नवी योजना नको, ९ तारीख पुरेशी आहे

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. बायका सकाळपासून येतात, रक्त देतात, अहवालासाठी बसून राहतात. हाच वेळ शाळेचा आहे. सहाव्या महिन्यापासून चार वेळा, पाऊण-पाऊण तास, वर सांगितलेले चार धडे. सोबत येणाऱ्या आईला किंवा सासूला बाहेर बाकावर न बसवता आत बोलवायचे. प्रसूतिकक्ष आधी एकदा दाखवायचा. पाहिलेल्या खोलीची भीती कमी वाटते. पाळीवर जाणाऱ्या नवऱ्यांसाठी एखादी बैठक रविवारी घ्यायची. माहेरी जाणाऱ्या लेकीच्या कार्डावर कोणते धडे झाले ते लिहून द्यायचे, म्हणजे तिकडच्या आशाताई पुढचे घेतील.

गावात बायकांनी एकत्र बसून अशा विषयांवर बोलण्याने काय होते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. झारखंड आणि ओडिशात 'एकजुट' संस्थेने महिलांच्या गटांच्या दरमहा बैठका घेतल्या. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी १९९९ मध्ये गडचिरोलीतल्या 'सर्च'ने दाखवून दिले होते, की गावातल्या स्त्रिया नीट शिकवल्या तर घरोघरी जाऊन नवजात बाळांचे प्राण वाचवू शकतात. आज आशाताई बाळाला भेटायला घरी येतात, त्याचे मूळ त्या प्रयोगात आहे.

मात्र हे सगळे पुन्हा आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकून चालणार नाही. याच आशांना २०२३-२४ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला होता. वर्गाचा मोबदला ठरवावा लागेल, शिकवण्यासाठी परिचारिकेचा वेळ राखून ठेवावा लागेल आणि प्रत्येक प्रसूतिकक्षात पडदे लावावे लागतील. पडद्यांचा खर्च एखाद्या यंत्राच्या खर्चापुढे काहीच नाही. पण सोबतिणीला आत घ्यायचे की नाही, हे बहुतेक ठिकाणी त्या पडद्यावरच अवलंबून आहे.

हे होईपर्यंत घरात गरोदर मुलगी, सून, वहिनी किंवा कामाला येणाऱ्या मावशींची लेक असेल, तर वाचकांनी एवढे तरी करावे. तिच्याबरोबर दवाखान्यात कोण राहणार ते आठव्या महिन्यात ठरवा. त्या बाईला पुढच्या ९ तारखेला तपासणीसाठी सोबत पाठवा आणि तिथल्या परिचारिकेला विचारायला सांगा, "कळांच्या वेळी मला आत घ्याल ना, आणि मी काय काय करायचं?" हा प्रश्न दर महिन्याला दहा बायकांनी विचारला तर त्या दवाखान्यात पडदा लागायला फार वेळ लागणार नाही.